बालसाहित्य संमेलनाला जाताना

मराठी बालकुमार साहित्य संमेलनात मुलांसाठी लिहिणारे लेखक भेटतात. मुरूड-श्रीवर्धनहून तेथे जायचे म्हणजे पहाटेची एस. टी. आलीच! पण त्याहून अवघड वाटते ते मराठीत प्रश्न विचारणे. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी, मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी. उर्दूत तर नपुंसकलिंगच नाही. ‘माझी पुस्तक’ की ‘माझे पुस्तक’, येथेच जीभ अडखळते. अडखळली तरी विचारा. ‘फास्टर फेणे’चे लेखक भा. रा. भागवत २००१ साली वारले; त्यांना आता काही विचारता येत नाही. जे आहेत त्यांची पुस्तके आधी वाचून जा. माधुरी पुरंदरे गोष्टी लिहितात आणि चित्रेही काढतात. अशा लेखिकेला आधी काय सुचत असेल, चित्र की गोष्ट? असा एखादा प्रश्न वहीत लिहून न्या आणि हात वर करा.