दगडखाणीनंतरची जमीन

मुळशी तालुक्याच्या पूर्व भागांत, चांदे-नांदे बाजूस, काळ्या दगडाच्या खाणी आहेत. पुणें शहराच्या बांधकामास खडी हवी, आणि ती कोठून तरी निघणारच. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु खाण दहा-वीस वर्षांची, तर जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची. १९२१ सालीं धरणांत जाणाऱ्या जमिनींसाठीं ज्या तालुक्यानें सत्याग्रह केला, त्यास जमिनीचें मोल सांगावयास नको. पाण्याखालीं गेलेली ती जमीन परत आली नाहीं. खाणीखालीं जाणारी मात्र पुष्कळ अंशीं पुन्हां उपयोगांत आणतां येते. तिची तजवीज पहिली कुदळ पडण्यापूर्वींच केली पाहिजे.

आपल्याकडे वर मातीचा पातळ थर, त्याखालीं मुरूम आणि तळाशीं काळा पाषाण असतो. खाण चालविणारास पाषाण हवा असतो; माती ही त्याची अडगळ. ती एकदां मुरुमांत मिसळली कीं गेलीच. एका एकरावरील एक फूट माती म्हणजे ४३,५६० घनफूट, अर्थात् सुमारें ४३५ ब्रास. पुढें ती विकत आणावयाची म्हटल्यास तीन ब्रासच्या गाडीच्या १४५ खेपा होतील! हा हिशेब करारावर सही करण्यापूर्वीं प्रत्येकानें करावा.

म्हणून पहिला नियम: माती निराळी, मुरूम निराळा. मातीचा ढीग पांच-सहा फुटांहून उंच करूं नये. उंच ढिगाच्या पोटांत हवा न खेळल्यामुळें मातींतील उपयुक्त जंतु मरतात. ढिगावर ताग किंवा गवत पेरावें व पायथ्याशीं चर खणावा, म्हणजे पावसानें माती वाहून जाणार नाहीं.

दुसरा नियम: खाणीचे काठ उभे कडे ठेवूं नयेत, त्यांस पायऱ्या कराव्या. खड्डा भरतांना खालीं दगडगोटे, त्यावर मुरूम व सर्वांत वर राखलेली माती पसरावी. अवजड गाड्यांनीं मुरूम दाबला गेला असल्यास माती घालण्यापूर्वीं तो खोल नांगरून फोडावा. नाहीं तर पाणी मुरत नाहीं व मुळें खालीं उतरत नाहींत. उतारास आडवे बांध घालावे.

तिसरा नियम: घाई करूं नये. पहिल्याच वर्षीं आंबेमोहोराची आशा धरणें व्यर्थ. दोन-तीन वर्षें ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येतांच गाडावा व शेणखत द्यावें. माती अगदींच थोडी असेल तेथें पिकाचा नाद सोडून करंज, शिरीष, बांबू व गवत यांवर समाधान मानावें.

सगळाच खड्डा भरत नाहीं, कारण बराच दगड खडी होऊन गांवाबाहेर गेलेला असतो. अशा ठिकाणीं तळें करावें. पण एका बाजूस सौम्य उतार आणि भोंवतीं कुंपण हवेंच, नाहीं तर गुरांचा व मुलांचा घात होतो. गोव्यांत साखळी येथील लोहखनिजाच्या जुन्या खाणीवर झाडें लावून खड्ड्यांत मासे पाळले गेले. उलट त्याच गोव्यांत इतरत्र ढिगांवरील माती पावसाबरोबर उतरून भातशेतें नासलीं.

अमेरिकेंत १९७७ च्या कायद्यानें कोळशाच्या उघड्या खाणींस वरची माती निराळी राखण्याचें बंधन घातलें. आपल्याकडे दगड व मुरूम हीं गौण खनिजें असून त्यांसाठीं राज्याचे २०१३ चे नियम आहेत. परवान्यांतील अटींची नक्कल अवश्य मागून घ्यावी. शिवाय माती कोठें ठेवावयाची, खड्डा कोणीं व केव्हां भरावयाचा, आणि न भरल्यास अनामत रक्कम कोणाची, हें करारांत लिहून घ्यावें. तोंडी शब्दावर विसंबूं नये, एवढीच आमची आग्रहाची सूचना आहे.