आपला पत्ता छापलेला दिसतो तेव्हा

लालबागमधल्या एका मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी आम्ही काही जण मुलांबरोबर वाचत बसतो. त्यातून जे उमगत गेलं, ते सांगते.

१. मुलांना अभिमान शिकवावा लागत नाही. आपलं घर छापलेलं दिसलं की तो आपसूक येतो. जयंत पवारांचं ‘अधांतर’ थोड्या मोठ्या मुलांबरोबर वाचायला घेतलं होतं. गिरणी कामगारांच्या संपानंतर विस्कटत गेलेल्या गिरणगावातल्या एका कुटुंबाचं ते नाटक. पहिला अंक संपायच्या आतच एक मुलगा म्हणाला, “हे तर आमच्याच घरातलं आहे.” संध्याकाळी त्याने आजोबांना विचारलं आणि जानेवारी १९८२पासूनचं सगळं बाहेर आलं: थांबलेला पगार, गावी धाडलेली बायकामुलं, पुन्हा कधीच न वाजलेला भोंगा. खिडकीतून दिसणारा टॉवर गिरणीच्या जमिनीवर उभा आहे हे त्याला ठाऊक होतं. तिथे आपला आजा साच्यावर उभा असायचा, हे त्याला त्या दिवशी कळलं. घरात कुणी विषय काढत नव्हतं, तो नाटकाने काढला.

२. बोलता येणं आणि वाचता येणं यांत केवढं अंतर असतं! इंग्रजी शाळेतली मुलं मराठी फाडफाड बोलतात, पण जोडाक्षर आलं की अडतात आणि अडल्याची त्यांना लाज वाटते. सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचलं की ती जाते. बालभारतीने ‘किशोर’चे १९७१पासूनचे अंक इंटरनेटवर खुले केले आहेत, त्यांचा आम्हाला फार आधार.

३. नारायण सुर्वे कोण होते, हे सांगितलं की खोली शांत होते. रस्त्यावर सापडलेलं मूल, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेलं, पुढे शाळेत शिपाई आणि मग शिक्षक. त्याच माणसाचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ साली आला. हे ऐकून एका मुलीने विचारलं, “मग माझ्या आजीची मालवणी लिहिली तर चालेल?” शुद्धलेखन शिकवायलाच हवं, याबद्दल माझं मत ठाम आहे. पण आधी आजीची मालवणी कागदावर येऊ दे.

४. वाचनाने माणूस नव्याने उभा राहतो, याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या शेजारीच आहे. ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, मुलांना घेऊन शिवाजी पार्कात जावं. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबं रात्र मैदानात काढतात आणि परतताना तिथल्या स्टॉलांवरून पुस्तकं घेऊन जातात. कॉलेजातली पोरं मराठी संविधान चाळत असतात. अक्षरओळख नसलेली आजी नातवासाठी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मागते. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत कितीतरी वर्षं राहिले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ मराठीत काढलं, कारण ज्यांच्याशी बोलायचं होतं ते मराठी होते. इथली ओळख वारशाने आलेली नाही. ती वाचून, विचार करून घडवलेली आहे. मराठी वाचनसंस्कृतीची चर्चा करणारे अनेकजण या स्टॉलांकडे फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

५. नुसतं वाचून भागत नाही, लिहावंही लागतं. म्हणून आम्ही गणपतीत हस्तलिखित काढतो. विषय एकच: आपली गल्ली. त्यातला सगळ्यात जिवंत मजकूर घरी भोजपुरी बोलणाऱ्या, पालिकेच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निघाला. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना येणारा खाट, कांडप यंत्रांचा आवाज, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा रिकामा रस्ता, सगळं तिने टिपलं होतं. मराठी ओळख म्हणजे फक्त जन्माने मराठी असणाऱ्यांची, ही समजूत तिथल्या तिथे गळून पडली. यंदाच्या हस्तलिखिताची संपादक तीच आहे, आणि मजकूर वेळेवर दिला नाही म्हणून तिने कालच मला टोकलं.