परदेशात शिकून मुलगी परकी होईल का?

प्रश्न : मुलगी शिकायला जर्मनीला निघाली आहे. तिथे ती फार बदलेल का? (एक पालक, इंदूर)

उत्तर : बदलेल, पण बदलणे म्हणजे तुटणे नव्हे. तुमच्याच इंदुरातला माणिकबाग महाल पाहा. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) ऑक्सफर्डला शिकले, तिथे एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराशी मैत्री जमली आणि १९३०च्या दशकात इंदुरात अगदी आधुनिक धाटणीचा महाल उभा राहिला. ‘राजाकडे पैसा होता’ म्हणाल, तर विलायती वस्तू विकत घेणारे संस्थानिक पुष्कळ होते. ही नजर मैत्रीतून आली. शिवाय आनंदीबाई जोशींकडे कुठे पैसा होता? फिलाडेल्फियात १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा! आपली मुळे परदेशात सुटत नाहीत आणि नवी नजर मैत्रीतून येते; तेव्हा मुलीने फक्त भारतीयांच्याच घोळक्यात राहावे, असा आग्रह धरू नका.