मोटारीची नाडी आणि मागाचा ठोका

भिवंडीत यंत्रमागाची मोटार कुरकुरली की ती उतरवून रिवाइंडिंगवाल्याकडे धाडायची, ही जुनी सवय. अनुभवी फिटर पेचकसाचे टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावतो आणि बेअरिंग गेले की नाही ते सांगतो. त्याचा कान बहुधा खरा ठरतो. पण रोटरमधली सळई तुटली तर कानाला सहजी कळत नाही. तिच्यासाठी विजेच्या प्रवाहाची तपासणी आहे, आणि तीत आम्ही एकदा चांगलेच फसलो. सबब हा लेख.

तपासणी अशी. मोटारीच्या एका वायरीला चिमट्याचा मीटर लावून कामावर असलेल्या मोटारीचा प्रवाह १० सेकंद नोंदवितात. संगणक त्यातली निरनिराळी कंपने वेगळी करून दाखवितो. यामागचे गणित फूरिये या फ्रेंच पंडिताच्या १८२२ सालच्या ग्रंथातले. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ५० वर एक उंच रेषा दिसते. मागाची सहा ध्रुवांची मोटार रिकामी असता मिनिटाला जवळपास १००० फेरे फिरते, ओझ्याखाली ९६०. म्हणजे घसरण ४ टक्के. सळई तुटली असेल तर घसरणीच्या दुप्पट, म्हणजे ५० चे ८ टक्के, ४ आवर्तने अलीकडे-पलीकडे, ४६ आणि ५४ वर दोन लहान रेषा उगवतात. त्या मुख्य रेषेच्या पाचशेव्या भागाहून लहान असतील तर फिकीर नाही. सुमारे १८० व्या भागाहून मोठ्या झाल्या तर सळईचा संशय धरावा. रिकाम्या मोटारीवर मात्र तपासणी करू नये. घसरणच नसल्याने रेषा ५० ला चिकटून बसतात.

आमच्या एका कारखानदाराच्या मागावर कापडात जाड-पातळ पट्टे येऊ लागले. सौद्याचे ४० तागे परत आले. तपासणाऱ्याला ४६ आणि ५४ वर ठळक रेषा दिसल्या, त्याने रोटर गेल्याचे सांगितले, आणि आमच्या आग्रहाने नवी मोटार बसली. रेषा जिथल्या तिथे! पट्टेही तसेच.

हिशेब नंतर उमगला. तो माग मिनिटाला १२० पिक्स मारतो, म्हणजे सेकंदाला २ ठोके. प्रत्येक ठोक्याला मोटारीवरचे ओझे वर-खाली होते व तेही प्रवाहात उमटते: ४८ आणि ५२ वर, आणि त्याच्या दुपटीने नेमके ४६ आणि ५४ वर. ४८-५२ च्या रेषाही कागदावर होत्या, पण त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नाही. मागाचा ठोका आणि रोटरचा मर्ज एकाच जागी येऊन बसले होते.

म्हणून फिटरकडून दोन आकडे आधी घ्यावेत, मोटारीचे फेरे आणि मागाचे पिक्स. दोन्ही हिशेब एकाच रेषेवर येत असतील तर मोटार उतरवून पाण्याच्या पंपासारख्या एकसारख्या ओझ्यावर चालवावी. तिथे रेषा गेल्या तर रोटर निर्दोष. ओझे कमी होऊन फेरे ९७० झाले तर सळईच्या रेषा ४७ आणि ५३ वर सरकायला हव्यात. मागाचा ठोका मात्र तेवढ्याने जवळजवळ हलत नाही.

पट्ट्यांचे कारण शेवटी कापड ओढून घेणाऱ्या दातेरी चाकात निघाले. एक दात झिजला होता. नव्या मोटारीचे अर्धे पैसे आम्ही भरले. जुनी मोटार शेजारच्या मागावर आजही चालते आहे.