परवाना



तुमच्यापैकी बरेच जण खेड्यांतून एस.टी.ने शाळेत येतात. तुमच्याजवळ पास असतो. त्यावर तुमचे नाव असते. समजा, तुम्ही आजारी पडलात आणि घरी राहिलात. तरी त्या दिवशी तुमचा मित्र तो पास दाखवून प्रवास करू शकत नाही. पासाचे पैसे तर तुम्ही भरले आहेत! मग असे का? कारण तुम्ही बस विकत घेतलेली नाही. फक्त प्रवासाची परवानगी घेतली आहे.

मोबाइलवर चित्रपट किंवा क्रिकेटचे सामने दाखविणाऱ्या कंपन्यांचे खातेही असेच असते. वर्गणी भरली म्हणजे चित्रपट आपला झाला, असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता आपल्याला मिळतो तो पाहण्याचा परवाना. (उर्दूत परवाना म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंगही! मराठीत मात्र परवाना म्हणजे लेखी परवानगी.)

हा फरक समजण्यासाठी लांब जायला नको. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हाती होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले. त्यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मग गावाने आपला बांबू स्वतः विकला.

आता गंमत पाहा. बांबू विकता येतो. पण ज्या हक्काने तो तोडला, तो हक्क विकता येत नाही. या कायद्यातील हक्क वारसांना मिळतात, परंतु दुसऱ्या कोणाला देता किंवा विकता येत नाहीत. ही अट नसती, तर एखाद्या अडलेल्या कुटुंबाकडून व्यापाऱ्याने हक्कच लिहून घेतला असता.

वनहक्काची अट दुबळ्यांच्या रक्षणासाठी आहे. खात्याची अट कंपनीच्या फायद्यासाठी असते, हे मान्य. तरी खाते घेताना आपण 'मान्य आहे' असे बटण दाबतो. तो करार होतो. नेटफ्लिक्स कंपनीने जुलै २०२३ मध्ये भारतात जाहीर केले की, एक खाते एकाच घरातील माणसांसाठी आहे. म्हणून घरात अम्मी-अब्बांसोबत पाहणे योग्य. शेजारच्या मित्राला पासवर्ड देणे हा कराराचा भंग. त्यासाठी पोलीस लगेच दारात येत नाहीत. पण कंपनी खाते बंद करू शकते. तेच खाते पैसे घेऊन पाच जणांना विकले, तर ती नुकसानभरपाईही मागू शकते.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा मात्र सरळ गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ६६-सी नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कोणी तुम्हांला म्हणेल, "वर्षाचे खाते फक्त पन्नास रुपयांत!" असे खाते पुष्कळदा चोरलेले असते. पडद्यावर एखाद्या अनोळखी माणसाचे नाव दिसते. तो माणूस १९३० या क्रमांकावर सायबर पोलिसांकडे तक्रार करू शकतो. त्याने पासवर्ड बदलला की तुमचे पन्नास रुपये बुडाले. तुम्ही कोणत्या तोंडाने तक्रार कराल?