कुष्ठपीडित बांधवांच्या मुखाची निगा

लेवीयाच्या 13 व्या अध्यायात महारोग्याने आपला वरचा ओठ झाकावा असा नियम सांगितला आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. तेथील रोग व आजचा कुष्ठरोग हे एकच नव्हेत असे विद्वान म्हणतात. तथापि ओठ झाकण्याची रीत आमच्या गावांतून अद्याप गेलेली नाही. आमच्या मंडळीतील एक वृद्ध बांधव भक्तीस नेमाने येत, परंतु प्रीतिभोजनास कधी बसत नसत. त्यांचा रोग औषधाने केव्हाच बरा झाला होता. ते का बसत नाहीत, हे आम्ही कित्येक वर्षे विचारलेच नाही. अखेरीस विचारले, तेव्हा उपरण्याआडूनच ते म्हणाले, "पाळकसाहेब, घास ओठांतून गळतो, अन् तोंडाला घाण येते."

कुष्ठपीडितांच्या सेवेविषयी बोलणे निघाले म्हणजे आपण हातापायांच्या जखमा व डोळे यांचा विचार करितो. दातांचे नाव कोणी काढीत नाही. म्हणून हा पाठ.

प्रथम कारण समजून घ्यावे. या रोगाचा जंतू नॉर्वे देशातील डॉक्टर हान्सेन यांस 1873 साली आढळला. तो शरीराच्या थंड भागांत अधिक वाढतो, आणि नाक व वरच्या जबड्याचा पुढील भाग हे त्यांपैकीच होत. डेन्मार्कमधील डॉक्टर मोलर-क्रिस्टेन्सन यांनी नेस्टवेडजवळील जुन्या कुष्ठालयाच्या दफनभूमीतील सांगाडे तपासले, तेव्हा वरचे पुढील दात धरून ठेवणारे हाडच कित्येकांत झिजलेले दिसले. तेव्हा दात पडले ते केवळ अस्वच्छतेने, असा दोष देण्याची घाई कोणी करू नये. वेळीच औषध सुरू झाल्यास सहसा इतके नुकसान होत नाही. 1982 पासून प्रचारात आलेले बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. ते रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यावयाचे असतात.

परंतु रोग बरा झाला तरी वाकलेली बोटे सरळ होत नाहीत, आणि बधिर झालेली त्वचा बहुधा बधिरच राहते. ब्रश धरणार कसा? चेहऱ्याची शीर दुखावली असल्यास ओठ मिटत नाहीत, चूळ भरता येत नाही, अन्न गालाच्या आत अडकून राहते. नाक बसले म्हणजे मनुष्य तोंडाने श्वास घेतो, मुख कोरडे पडते व हिरड्या सुजतात. ज्यांच्या मुखातील संवेदना मंदावली आहे, त्यांस कढत चहाने भाजलेलेही कळत नाही. म्हणून चहा जरा निवू द्यावा.

यास उपाय खर्चाचे नाहीत. ब्रशाच्या दांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करावी, अथवा रबरी चेंडूस भोक पाडून दांडी त्यात बसवावी. बोटेच नसतील तर तळहाताभोवती कापडी पट्टा शिवून त्यात ब्रश अडकवावा. पट्टा आवळून बांधू नये; बधिर हातास काचलेले समजत नाही, म्हणून काढल्यावर लाल वण पडला आहे की काय ते पाहावे. चूळ भरताना मनगटाने ओठास आधार द्यावा व पाणी थोडे थोडे घ्यावे. फ्लोराइड असलेली पेस्ट सकाळी व निजण्यापूर्वी वापरावी; रात्रीची वेळ मुळीच चुकवू नये. दात हलत असतील तर बाभळीचे किंवा निंबाचे दातवण चावू नये.

मिश्रीविषयी स्पष्टच सांगितले पाहिजे. ती जाळलेली तंबाखू होय. तिने दात स्वच्छ होतात ही समजूत खोटी. हिरड्या मात्र बिघडतात, आणि कर्करोगाचे भय असतेच. आमच्या भगिनींस हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो.

आणखी एक गोष्ट. कित्येकांस मधूनच ताप येतो, गाठी उठतात, शिरा दुखतात. यास डॉक्टर प्रतिक्रिया म्हणतात. मुखातील पू व सूज तिला निमित्त होऊ शकते. तिच्यावर प्रेडनिसोलोन देतात, आणि त्याने मुखात पांढरे चट्टे येऊ शकतात. ते दिसताच डॉक्टरांस दाखवावे; पण गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. दात काढण्यापूर्वीही आपण हे औषध घेतो असे दंतवैद्यास सांगावे. कवळी असल्यास रात्री काढून धुवावी, आणि हिरडीस व्रण पडला आहे काय हे घरच्यांनी पाहावे, कारण तो दुखेलच असे नाही.

आता त्या बांधवांविषयी. आम्ही त्यांस एका दंतवैद्याकडे नेले, तेव्हा हात पाहूनच त्यांनी परत पाठविले. औषध पूर्ण झालेल्या मनुष्यापासून हा रोग लागत नाही, हे त्या शिकलेल्या गृहस्थांस आम्ही सांगावे लागावे याचा खेद वाटला, आणि सांगूनही उपयोग झाला नाही. दुसऱ्या ठिकाणी मात्र खुर्चीत बसविले. दोन दात काढावे लागले, उरलेले राखता आले. ब्रशाची मूठ मंडळीतील एका सायकल दुरुस्त करणाऱ्या मुलाने करून दिली. गेल्या प्रीतिभोजनास ते पंगतीच्या टोकास बसले होते. उपरणे खांद्यावर होते, आणि भात मऊ शिजविण्याची आठवण भगिनींनी आपण होऊन ठेविली होती.