आमवात, गोळ्या आणि ग्रीन टी

श्रीरामपुरात चहा म्हणजे दुधाचा, खळखळून उकळलेला आणि ऊसपट्ट्याला शोभेल एवढ्या साखरेचा. अशा घरात ग्रीन टीची डबी येते ती बहुधा औषध म्हणूनच. ‘आमवातावर ग्रीन टी गुणकारी’ असं मोबाइलवर कुणी पाठवलेलं असतं आणि मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या गोळीला कंटाळलेल्या काकूंना तेवढं पुरतं. या बातमीत तथ्यच नाही असं नाही. पण कप हातात घेण्याआधी काही कामं ओळीनं करायची आहेत, आणि पहिल्या कामाचा चहाशी संबंध नाही.

आधी वात कोणता ते ठरवून घ्या. गुडघे झिजतात ते वेगळं, युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा सुजतो ते वेगळं आणि चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने रेंगाळणारं दुखणं, जे २००६ च्या साथीत महाराष्ट्रानं पुष्कळ पाहिलं, ते आणखी वेगळं. आमवातात बोटांची पेरं आणि मनगटं सुजतात, बहुधा दोन्ही हातांची. सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. असं सहा आठवडे चाललं तर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्यांचं डॉक्टरांना विचारा. गावात सोय नसेल तर बाभळेश्वरमार्गे लोणीचं प्रवरा रुग्णालय काही लांब नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणला घरोघरी केलेल्या पाहणीत साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात आढळला होता. म्हणजे गल्लीत एखादं घर असतंच, आणि त्यात बायका पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त.

निदान झालं की गोळ्या सुरू होतात. त्या थांबवायच्या नाहीत. पहिले काही महिने मोलाचे असतात. तेव्हा सूज आटोक्यात आली नाही तर हाड कुरतडलं जातं आणि वाकडी झालेली बोटं कुठल्याही चहानं सरळ होत नाहीत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, म्हणून वार कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा.

आता ग्रीन टीचं संशोधन. चहाचं झुडूप एकच. पानं खुडल्यावर लगेच वाफवली किंवा भाजली की हिरवा चहा, काळी पडू दिली की आपला नेहमीचा. हिरव्यात कॅटेचिन नावाची द्रव्यं टिकतात आणि त्यांतलं मुख्य ईजीसीजी. १९९९ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात ही द्रव्यं मिसळली. ज्यांना ती मिळाली त्यांच्यापैकी ३३ ते ५० टक्क्यांना कृत्रिमरीत्या घडवलेला संधिवात झाला; ज्यांना मिळाली नाहीत त्यांच्यापैकी ८४ ते १०० टक्क्यांना. पुढे २०१६ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या सलाहुद्दीन अहमद यांच्या गटानं दाखवलं की ईजीसीजी सांध्याच्या अस्तरातल्या पेशींमधलं टीएके-१ हे प्रथिन रोखतं, त्यामुळे सूज वाढवणारे संदेश अडतात. दहा दिवसांत उंदरांच्या घोट्यांची सूज उतरली. पण त्या उंदरांना शुद्ध द्रव्य मोजून दिलं होतं, चहा पाजला नव्हता. माणसांवरचे अभ्यास आहेत ते लहान. तेव्हा माझ्या मते ग्रीन टी आमवाताच्या रुग्णानं प्यायला हरकत नाही, पण तो औषधाच्या रांगेत नव्हे, जेवणाखाण्याच्या रांगेत ठेवावा.

विकत घेताना पाकिटावरचे घटक वाचा. परसातला गवती चहा हिरवा असला तरी ती वेगळी वनस्पती आहे. तुळस-आल्याच्या पाकिटांतही कधीकधी चहाचं पान नसतं.

करायची रीत अशी. पाणी उकळा, गॅस बंद करा आणि तीन-चार मिनिटं थांबा. पातेल्यात पानं टाकून उकळवलीत तर कडू काढा होतो आणि मग साखर घालण्याचा मोह आवरत नाही. कपभर पाण्याला सपाट चमचाभर पानं, झाकण, दोन ते तीन मिनिटं, मग गाळा. दूध नको. लिंबाचे चार थेंब पिळलेत तर चव सुधारते आणि कॅटेचिन टिकायलाही मदत होते. दिवसाला दोन, फार तर तीन कप. शेवटचा दुपारी चारच्या आत, कारण दुखण्यानं आधीच मोडणारी झोप कॅफिननं आणखी मोडेल. उपाशीपोटी मुळीच नको. वेदनाशामक गोळ्यांनी पोटात आधीच जळजळ असते.

वेळेचं भान सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक जण विसरतात. चहा जेवणातलं लोह शरीरात शोषू देत नाही. आमवातात रक्त कमी असणं नेहमीचं, त्यात आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच रडतखडत. म्हणून जेवण आणि ग्रीन टी यांत तासाभराचं अंतर ठेवा. लोहाची गोळी असेल तर दोन तासांचं. मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलेलं असतं, त्याचंही शोषण ग्रीन टीनं कमी होऊ शकतं, म्हणून तीही गोळी चहापासून लांब. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल घेऊ नका. कपांतून दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटात जातं. पूरक गोळ्यांमधून ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताचे आकडे वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं. मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर असतोच. वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, हा समज इथे महागात पडतो. चोप्रा यांच्याच गुडघ्याच्या झिजेवरच्या एका चाचणीत आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काहींचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला एक आकडा, वाढलेलं दिसलं होतं.

एसजीपीटीची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतरानं करा आणि जाताना ग्रीन टीचं पाकीटही पिशवीत टाका. मधल्या काळात डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, पुढची मेथोट्रेक्सेट घेण्याआधी, त्याच दिवशी दवाखाना गाठा.